जागतिक महानगर आणि वास्तुरचना : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सास्किया सासेन या समाजशास्त्रज्ञ विदुषीचा 'द ग्लोबल सिटी' हा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो या तीन शहरांच्या आधारे त्यांनी एक विचार मांडला. उत्पादन जगभर विखुरले जाते, तसतशी त्यावरील नियंत्रणाची केंद्रे मोजक्या महानगरांत एकवटत जातात आणि अशा महानगरांत कारखान्यांची जागा वित्तसंस्था, सल्लागार संस्था व त्यांची कार्यालये घेतात, हा त्या विचाराचा गाभा होय. त्याच वर्षी भारताने आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावलीही लागू झाली. या तीन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. मात्र पुढील तीन दशकांत मुंबईला जे रूप प्राप्त झाले त्याचा उलगडा या तिन्ही एकत्र पाहिल्यावाचून होत नाही.

जागतिक महानगरातील वास्तुकलेची चर्चा बहुधा उंच मनोरे, काचेचे दर्शनी भाग आणि नामांकित वास्तुविशारद यांच्याभोवती फिरते. प्रस्तुत लेखात ही चर्चा थोड्या निराळ्या अंगाने करावयाची आहे. भिन्न भाषा, जाती, धर्म आणि उत्पन्नगटांची माणसे एका लहान भूभागावर राहतात तेव्हा त्यांच्यातील व्यवहार घडतो तो खोली आणि रस्ता यांच्या मधल्या जागेत. सज्जा, ओटा, जिना, चौक, वाडीतील बोळ ही ती मधली जागा होय. शहर वेगाने बदलू लागले की सर्वप्रथम हीच जागा नाहीशी होते, कारण जमाखर्चाच्या वहीत तिची किंमत शून्य असते.

वैविध्याचा वास्तुरूप आविष्कार

मुंबईची वाढ प्रारंभापासून बाहेरून आलेल्या माणसांनी केली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली. पुढील दशकात अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्या पैशाच्या बळावर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडून शहर मोकळे करण्यात आले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे या कालखंडाचे सर्वांत परिचित स्मारक आहे. २००४ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ओव्हल मैदानाच्या एका बाजूची व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुमालिका आणि दुसऱ्या बाजूच्या व मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती यांना तो मान २०१८ मध्ये मिळाला. या वास्तूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांचा केवळ उल्लेख पुरेसा आहे.

त्याच काळात शहराचा सामान्य, निनावी वास्तुसंसार आकार घेत होता. प्रत्येक समाजाने आपल्या राहणीला साजेसा घरांचा साचा निर्माण केला. गिरगावातील खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची व ओट्यांची बैठी घरे होती. पारशांच्या बागा होत्या, बोहऱ्यांच्या भेंडीबाजारात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना होती. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत भट्ट्या मांडल्या. कोळीवाड्यांत जाळी आणि मासळी सुकविण्यासाठी अंगण राखलेले असे. या साऱ्या रचना दिसण्यात भिन्न आहेत, परंतु त्यांत एक समान सूत्र आढळते. घर भिंतीपाशी संपत नाही. भिंतीबाहेरचा काही भाग घराचा असतो आणि त्याच वेळी तो इतरांचाही असतो.

चाळ : स्मरणरंजनापलीकडे

या सूत्राचे सर्वांत मोठ्या प्रमाणावरील रूप म्हणजे चाळ. ओळीने एक किंवा दोन खोल्यांची बिऱ्हाडे, त्यांच्यासमोरून जाणारा सामाईक सज्जा, टोकाला सामाईक नळ व संडास, आणि शक्य तेथे मधोमध चौक, इतकी ही साधी रचना आहे. तिचा उगम कोणत्याही वास्तुविशारदाच्या कल्पनेत नसून जमीनमालकाच्या काटकसरीत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अल्प जागेत अधिकाधिक भाडेकरू बसविणे हाच तिचा हेतू होता. गिरणगावात एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. गिरणीची पाळी बदलली की खोलीतील माणसे बदलत.

असे असूनही काटकसरीतून निर्माण झालेल्या सज्जाने जे कार्य केले ते त्याच्या मालकाच्या ध्यानीमनी नव्हते. सज्जा हा रस्ता होता, मुलांचे खेळण्याचे ठिकाण होते, उन्हाळ्यात झोपण्याची जागा होती आणि लग्नकार्यात मांडवही होता. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे आणि कोणाची चूल पेटलेली नाही, हे सज्जावरून येजा करताना विनासायास कळत असे. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप मिळाले त्यात गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळीचे स्थान अग्रभागी आहे, आणि हा केवळ योगायोग मानता येणार नाही. चारही बाजूंच्या सज्जांतून एका चौकाकडे पाहता येते, हा त्या रचनेचा गुणधर्म आहे. सभा, भजन, नाटक आणि आरास यांना त्यामुळे तयार प्रेक्षागृह लाभले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील विनोदही या सक्तीच्या शेजारावरच उभा आहे.

तथापि चाळीचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. चाळींतून जात आणि प्रांत यांनुसार वस्ती विभागलेली असे. एक चाळ कोकणातील लोकांची, दुसरी घाटावरील, तिसरी तेलुगू विणकरांची. दलितांना अनेक खासगी चाळींत खोली मिळणेच दुरापास्त होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि १९२० मध्ये अस्तित्वात आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या सरकारी चाळी बांधल्या, त्यांमुळे या कोंडीत थोडी फट पडली. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. पुढे त्यांनी आपले 'राजगृह' उभारले ते ट्रस्टनेच आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत. एकाच संस्थेने कामगारासाठी खोलीची आणि मध्यमवर्गासाठी बागबगीच्यासह भूखंडाची आखणी केली, यातील तफावत बोलकी आहे.

बी. डी. डी. चाळींचा इतिहास वास्तुविचाराच्या दृष्टीने विशेष बोधप्रद ठरतो. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे सोळा हजार खोल्या बांधल्या गेल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असा साचा ठरविण्यात आला. बाहेरचा सज्जा या साच्यात नव्हता. त्याऐवजी इमारतीच्या पोटातून जाणारी अंधारी मार्गिका आली. प्रारंभी कामगारांनी या सिमेंटच्या खोल्यांकडे पाठ फिरविली आणि कित्येक चाळी रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला, यावरून त्या रचनेविषयी काय समजावयाचे ते समजून घेता येते. पुढे लोकांनीच त्या चाळी आपल्याशा केल्या. दोन इमारतींमधील पटांगणांनी सज्जाची उणीव भरून काढली. व्यायामशाळा, वाचनालये, बुद्धविहार आणि उत्सवमंडळे तेथे उभी राहिली. याच वरळीत १९७४ मध्ये दलित पँथर आणि शिवसेना यांच्या कार्यकर्त्यांत भीषण दंगल उसळली होती. सामाईक जागा असली म्हणजे सलोखा आपोआप नांदतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ती भेट घडविते. भेटीचे पुढे काय होते हे इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते.

नियमावली हीच वास्तुविशारद

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, परंतु गोठलेल्या भाड्यामुळे मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. चाळी खंगत गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावाचा आर्थिक आधारच ढासळला आणि साठाच्या आसपास गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यभागी मोकळी होण्याच्या मार्गावर आली. जगातील थोड्याच महानगरांना अशी संधी लाभते.

१९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने त्रिभागणी सुचविली होती. एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला, असे तिचे स्वरूप होते. प्रत्येक गिरणीचा सुटासुटा विचार न करता सर्व जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, या हेतूने राज्य शासनाने १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. रेल्वे स्थानकांभोवतीच्या जागा मोकळ्या करणे, सलग उद्याने व पादचारी मार्ग निर्माण करणे अशा सूचना त्यातून पुढे आल्या. त्या कागदावरच राहिल्या. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन त्रिभागणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरणीची इमारत पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल तिला ती लागू राहिली नाही. गिरणीची बहुतांश जमीन बांधकामाखालीच असते, हे लक्षात घेतले तर या एका वाक्याचे मोल ध्यानात येईल. उच्च न्यायालयात या दुरुस्तीला आव्हान देण्यात आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

फलश्रुती डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला, श्रीनिवास मिलच्या जागेवर सत्तरहून अधिक मजल्यांचा 'वर्ल्ड वन' उभा राहिला आणि परळच्या भोंग्यांच्या जागी कार्यालयांच्या वेळा आल्या. म्हाडाच्या हिश्शातून कामगारांसाठी घरे बांधली गेली खरी, परंतु सोडतीसाठी अर्जदार दीड लाखाच्या घरात आणि घरे त्यांच्या अल्प अंशाने, अशी स्थिती राहिली. गिरण्या गेल्या तरी रस्ते, पूल आणि स्थानके गिरण्यांच्या काळातीलच होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी, आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. पहिल्या दुर्घटनेचे तात्कालिक कारण पाऊस आणि गर्दी हे होते. मात्र ज्या परिसरात हजारो कार्यालयीन कर्मचाऱ्यांची नव्याने भर पडली, तेथील एका पुलाची रुंदी वाढविण्याचे दायित्व कोणत्याच भूखंडाच्या आराखड्यात नव्हते. प्रत्येक भूखंडाला आपापला वास्तुविशारद होता. भूखंडांच्या मधल्या जागेला कोणीही नव्हता.

या अर्थाने मुंबईत वास्तुरचनेचे खरे कर्तृत्व नियमावलीकडे गेले आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, हस्तांतरणीय विकास हक्क आणि प्रोत्साहनपर क्षेत्र या तीन संज्ञांच्या गणितातून इमारतीची उंची, तिचा आकार आणि दोन इमारतींतील अंतर निश्चित होते. वास्तुविशारदाच्या वाट्याला बहुधा या गणिताला दर्शनी पोशाख चढविण्याचे काम उरते.

पुनर्वसन आणि श्वास

या गणिताचा सर्वाधिक भार गरिबांच्या घरांवर पडला. १९९५ पासून राबविल्या गेलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत रहिवाशाला विनामूल्य घर मिळते आणि त्याचा खर्च विकासक त्याच भूखंडावरील विक्रीच्या इमारतीतून वसूल करतो. घराचे क्षेत्रफळ प्रथम २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ आणि नंतर ३०० झाले. पक्के छप्पर, स्वतंत्र संडास आणि कायदेशीर पत्ता यांचे मोल कमी लेखता येणार नाही. विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने स्वतंत्र संडास ही प्रतिष्ठेची बाब आहे. तथापि विक्रीच्या इमारतीसाठी अधिक जमीन सोडावयाची म्हणजे पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना चिकटवाव्या लागतात, आणि त्यासाठी नियमांत सवलती देण्यात आल्या.

रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांसाठी मानखुर्द-गोवंडी परिसरात उभारलेल्या वसाहतींत याचा परिणाम मोजला गेला आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची तुलना करणारा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. आयआयटी मुंबईचा त्यात सहभाग होता. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधील अंतर सुमारे तीन मीटर इतकेच असून खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश आणि वारा पोहोचत नाही. तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक मोकळ्या असलेल्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त आढळले आणि खालच्या मजल्यांना त्याची झळ विशेष बसली. शतकापूर्वी प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली तीच मुळी दाट वस्तीत उजेड आणि हवा नेण्यासाठी. त्या काळी अभियंत्यांनी जे सूत्र मान्य केले होते, ते एकविसाव्या शतकातील जागतिक महानगरात सवलतीच्या कलमाखाली रद्द झाले, ही गोष्ट वास्तुकलेच्या कोणत्याही इतिहासकाराला अस्वस्थ करणारी आहे.

वेगळ्या वाटा

यास पर्याय नव्हते असे म्हणता येत नाही. १९६४-६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली आणि १९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेने तिला मूर्त रूप आले. नवी मुंबई तिच्या कर्त्यांच्या अपेक्षेप्रमाणे घडली का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मात्र कोरिया यांनी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात साकारलेली वसाहत येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठीच्या या रचनेत सात घरे एका लहान अंगणाभोवती, असे तीन समूह एका मोठ्या चौकाभोवती, आणि पुढे याच क्रमाने संपूर्ण वसाहत, अशी बांधणी आहे. कोणतीही भिंत दोन घरांत सामाईक नाही. त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा आपले घर वाढविता यावे, ही सोय राहिली. आज तेथील अनेक मूळ घरे पाडून बहुमजली बंगले झाले आहेत. काही समीक्षकांना यात मूळ रचनेचा पराभव दिसतो. वस्तुतः घरे बदलली आणि अंगणे टिकली, हेच त्या रचनेचे यश मानावयास हवे. जे बदलणार ते बदलू द्यावे आणि जे सामाईक आहे ते स्थिर ठेवावे, असा तिचा अभिप्राय होता.

कंबाला हिलवरील १९८३ मध्ये पूर्ण झालेला त्यांचाच 'कांचनजंगा' हा २८ मजली मनोरा धनिकांचा असला तरी त्यातील विचार स्थानिक आहे. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेकडून येते. दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा दोन मजली उंचीची गच्ची करून आकाशात नेला. त्यानंतर उठलेल्या काचेच्या मनोऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर वातानुकूलन यंत्रावर सोपविले, आणि त्या यंत्राची उष्णता शेजारच्या गल्लीवर.

सद्यःस्थिती

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरविले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या रहिवाशांना घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या एका खोलीत राहिलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व कोणालाही नाकारता येणार नाही. नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या चाळींवरील ग्रंथात चाळीतील जीवनाचे जे अनेक पदर नोंदले आहेत, त्यांत अडचण आणि अपमान यांचाही समावेश आहे. मात्र चाळीत देखभालीचा खर्च नाममात्र होता. मनोऱ्यात उद्वाहन, पंप आणि अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च दरमहा येतो. तो न पेलल्यामुळे घर विकून बदलापूर-विरारकडे जाणारी कुटुंबे पुनर्विकासाच्या आकडेवारीत कोठेही दिसत नाहीत, कारण तेथे मोजले जाते ते दिलेले घर, टिकलेला रहिवासी नव्हे.

धारावीच्या पुनर्विकासाची निविदा २०२२ मध्ये अदानी समूहाला मिळाली. सुमारे २४० हेक्टरांच्या या वस्तीत घर आणि कारखाना यांची फारकत झालेली नाही. खालच्या मजल्यावर शिवणयंत्र वा चामड्याचे काम आणि वर बिऱ्हाड, अशी हजारो घरे आहेत. तेथील कुंभारवाड्यात मडकी घराच्या ओट्यावर घडतात, अंगणात सुकतात आणि दोन ओळींच्या मधल्या सामाईक भट्टीत भाजली जातात. सदनिकेचे क्षेत्रफळ ठरविता येते, दुकानाचा गाळाही मोजून देता येतो. भट्टीला मात्र जमीन लागते, धूर जाण्यास आकाश लागते आणि ती पाच-सहा कुटुंबांची मिळून असते. नियमावलीतील घर, दुकान आणि उद्योग या तीन रकान्यांपैकी एकाही रकान्यात तिची नोंद करता येत नाही.